निष्काम आणि निकामी

एखाद्या वस्तूची मनापासून काळजी घेणे आणि त्या वस्तूत अडकणे, या दोन गोष्टी वेगळ्या कशा ओळखायच्या? हा प्रश्न तुम्हालाही कधी ना कधी पडला असेल. बाहेरून पाहिले तर दोन्ही सारख्याच दिसतात. रोज सकाळी गाडी पुसणारा माणूस तिची निगा राखतो आहे की तिच्यात गुंतला आहे, हे शेजाऱ्याला कळत नाही. पुष्कळदा त्या माणसालाही कळत नाही.

अनुवादाची सेवा करताना हा प्रश्न माझ्यापुढे शब्दांच्या रूपाने येतो. इंग्रजी प्रवचनात 'डिटॅचमेंट' हा एकच शब्द असतो. मराठीत मात्र अनासक्ती, अलिप्तता, तटस्थता, वैराग्य, उदासीनता असे अनेक शब्द हात वर करून उभे राहतात. त्यातला 'उदासीन' मूळ संस्कृतात बाजूला बसून शांतपणे पाहणारा होता. आजच्या मराठीत उदासीन म्हटले की कशातच रस नसलेला, चेहरा पाडून बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. म्हणून तो शब्द मी सहसा टाळतो. आणखी एक जोडी मला नेहमी खुणावते: निष्काम आणि निकामी. दोन्हींत 'काम' आहे, पण पहिल्यातले काम म्हणजे इच्छा. दुसऱ्यातले काम म्हणजे कार्य, ते 'कर्म' या शब्दावरून आलेले. ऐकायला दोन्ही इतके जवळचे, की निष्काम व्हायला निघालेला माणूस वाटेत कधी निकामी होऊन बसला, हे त्याचे त्यालाही उमगू नये.

हा फरक मला सर्वांत स्पष्ट दिसला तो एका जुन्या मोटारसायकलच्या इंजिनात. तुम्हाला मोटारसायकलमध्ये गोडी नसली तरी थोडे थांबा. यंत्राचा एक मोठा गुण असा, की ते आपल्याला बरे वाटावे म्हणून काही बोलत नाही.

इंदूरला माझ्या मामांकडे १९८१ सालची येझदी २५० आहे. आजोबांनी घेतलेली. तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या तंत्रावर या गाड्या बनवायला सुरुवात केली. पुढे सत्तरच्या दशकात तीच गाडी येझदी नावाने येऊ लागली. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. इंजिन टू-स्ट्रोक, सिलिंडर एकच, पण धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या दोन. किक मारायचा दांडा मारून झाल्यावर पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा होतो. ज्यांनी ही गाडी चालवली आहे त्यांना हे वाचतानाच तिचा आवाज ऐकू आला असेल.

आजोबा गेल्यानंतर ती नऊ वर्षे जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली होती. कोणी विकायचा विषय काढला की घरात शांतता पसरायची. कोणी दुरुस्तीचा विषय काढला तरी तेच. मामा म्हणायचे, "बाबांची गाडी आहे, हात कशाला लावायचा?" ऐकायला हे प्रेम वाटते, आणि ते प्रेम होतेही. पण नुसत्या उभ्या गाडीचे काय होते पाहा. ओलसर हवेत आतल्या बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज चढतो. टाकीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. क्रँकच्या दोन्ही बाजूंना असलेली रबरी सील वाळून कडक होतात. कोणी न वापरताही गाडी झिजत होती. ताडपत्रीखाली आजोबांची आठवण सुरक्षित होती. आजोबांची गाडी नव्हती.

मग मामेबहिणीला नोकरी लागली आणि तिने जाहीर केले, "बाबा, ही चालू झाली तर मी हिच्यावरून ऑफिसला जाईन." मामांनी त्याच आठवड्यात इंजिन खोलायला घेतले. स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत, जुन्या सतरंजीवर.

घरी इंजिन बांधणे तुम्हाला वाटते तितके अवघड नाही, आणि सोपे तर मुळीच नाही. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो. प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत, वर चिठ्ठी. सगळे रॉकेलमध्ये धुऊन पुसायचे. या कामाला हुशारीपेक्षा शिस्त जास्त लागते, आणि शिस्तीत मामींचा वाटा मोठा होता. "देवघराच्या कट्ट्यावर पाने ठेवायचे नाहीत," हा त्यांचा एकमेव नियम होता. खरी कसोटी लागते ती सगळे स्वच्छ झाल्यावर, मोजायला बसल्यावर.

सिलिंडर डोळ्यांना नेहमीच गोल आणि चकचकीत दिसतो. बोट फिरवले तरी गुळगुळीत लागतो. पण पिस्टनच्या रिंगा वर जिथपर्यंत जातात त्या भागात तो सर्वांत जास्त झिजतो, आणि सगळीकडून सारखा झिजत नाही. गोल राहण्याऐवजी लांबट होतो. घरच्या घरी याचा अंदाज घ्यायची एक साधी युक्ती आहे. रिंग काढून सिलिंडरमध्ये तळाशी, जिथे झीज कमी असते तिथे, सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजच्या पात्यांनी मोजा. मग तीच रिंग वर झिजलेल्या भागात सरकवून पुन्हा मोजा. दोन फटींतला फरक ३.१४ ने भागला की व्यासातला फरक मिळतो. (वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पाय कामी आल्याचा हा पहिलाच प्रसंग.) आमच्याकडे फटीत ०.६३ मिलिमीटरचा फरक आला, म्हणजे व्यासात ०.२० मिलिमीटर. एवढ्यासाठी सिलिंडर बोअर करावाच लागतो.

मामांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "पुन्हा मोज."

आम्ही पुन्हा मोजले. आकडा तोच. मग मामा म्हणाले, पाते वाकडे धरले असेल. मग म्हणाले, रिंग जुनी आहे, म्हणून फट जास्त दिसते. रिंग जुनीच होती, पण दोन्ही जागी तीच रिंग वापरली होती, त्यामुळे तिच्या जुनेपणाने फरक बदलत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. कारण पुढे कळले. मूळ मापाचा तो सिलिंडर मैसूरहून जसा आला तसाच होता. आजोबांनी तो कधीही बोअर होऊ दिला नव्हता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. बोअर करायचे म्हणजे ६५ मिलिमीटरचे ते मूळ माप कायमचे जाणार. काढलेला धातू परत लावता येत नाही. पाव पाव मिलिमीटरने मोठे पिस्टन मिळतात, पण ते थोडेच टप्पे आहेत. शेवटचा टप्पा संपला की सिलिंडरमध्ये नवी स्लीव्ह बसवायची किंवा दुसरा सिलिंडर शोधायचा.

इथे मला माझ्या प्रश्नाचा पहिला धागा सापडला. आसक्ती आपल्याला वस्तूच्या जवळ नेते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती आपल्याला वस्तू नीट पाहू देत नाही. मामांइतके त्या गाडीवर घरात कोणाचेच प्रेम नव्हते, आणि त्या दिवशी तो आकडा वाचायला सर्वांत कठीणही त्यांनाच जात होते. मी त्या गाडीवर कधी बसलोही नव्हतो, म्हणून मला तो सहज वाचता आला. पण माझ्या सहजतेचा काय उपयोग? मला मोजता येत होते, ते इंजिन बांधता येत नव्हते. माझी अलिप्तता फुकटची होती. तसाच तो आकडा मामांनी स्वीकारणे, इतके प्रेम असताना स्वीकारणे, यालाच मी अनासक्ती म्हणेन. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला, हे खरे. पण पाण्यात उतरलेल्या माणसाला तटावरून दिसते तसे दिसू लागणे, हे अधिक अवघड आहे.

तुम्ही म्हणाल, एका जुन्या गाडीच्या ०.२० मिलिमीटरवर इतका विचार? मग त्या झिजेचा परिणाम ऐका. झिजलेल्या सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या, तर वरच्या कडेला राहिलेल्या न झिजलेल्या काठावर नवी रिंग आपटून तुटू शकते. वाळलेली सील तशीच ठेवली, तर टू-स्ट्रोक इंजिनात त्यातून बाहेरची हवा आत शिरते, कारण पेट्रोल आणि तेलाचे मिश्रण याच खालच्या पेटीतून वर जाते. हवा वाढली की मिश्रण विरळ होते, इंजिन तापते, पिस्टन फुगतो आणि धावत्या गाडीत सिलिंडरला चिकटतो. मेकॅनिक त्याला इंजिन पकडणे म्हणतात. त्या क्षणी क्लच दाबला नाही तर मागचे चाक जागीच अडकते. भर रस्त्यात, मागून ट्रक येत असताना. गाडी चालवणार होती मामेबहीण. 'चालेल की एवढ्यात' हे तीन शब्द कोणाच्या जीवावर बोलले जातात, ते पाहिले म्हणजे मोजमाप ही नैतिक गोष्ट का आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

सिलिंडर झाला, तर कनेक्टिंग रॉड पुढे आला. त्याच्या खालच्या टोकाला आजूबाजूला थोडी हालचाल असते आणि ती असायलाच हवी. वर-खाली मात्र जराही खेळ चालत नाही. मामांनी दांडा दोन बोटांत धरून वर-खाली ओढला. अगदी बारीक 'टक' झाले. बाहेरच्या रस्त्यावर रिक्षा गेली असती तर ते ऐकूही आले नसते. क्रँक घरी उघडत नाही. ती प्रेसवर दाबून सुटी करावी लागते, नवी पिन आणि रॉड घालून पुन्हा दाबावी लागते आणि डायल गेज लावून सरळ फिरते का ते पाहावे लागते. आम्ही ती लेथवाल्याकडे नेली. त्याने हातात घेऊन हलवून पाहिली आणि म्हणाला, "अरे भैया, इतना तो चलता है. दो-तीन साल आराम से निकल जाएगा."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटी चलाने वाली है."

लेथवाल्याने क्रँक पुन्हा हातात घेतली. या वेळी डोळे मिटून हलवली. आणि म्हणाला, "छोड़ जाइए. शनिवार को ले जाना."

मला या संवादात लेथवाला खोटा वाटला नाही. पहिल्या वेळी त्याने गिऱ्हाइकाचे पैसे वाचवले, दुसऱ्या वेळी गिऱ्हाइकाच्या मुलीला पाहिले. क्रँक तीच होती. आपण ज्याला 'पुरेसे चांगले' म्हणतो ते कोणासाठी, हा शब्द त्यात गाळलेला असतो.

एव्हाना खर्च ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट झाला होता, आणि मामी एकदाच, पण स्पष्ट बोलल्या: "एवढे घातलेत, आता मागे कसे फिरणार!" आमच्या अभ्यासक्रमात याला बुडीत खर्च म्हणतात. जो पैसा गेला तो पुढच्या निर्णयात मोजायचा नसतो. पुढचा निर्णय फक्त पुढे काय द्यावे लागेल आणि काय मिळेल यावर घ्यायचा. परीक्षेत हे दोन गुणांचे उत्तर आहे, आयुष्यात फारच महाग. कारण गेलेला पैसा, गेलेले श्रम, गेलेली वर्षे आपल्याला आपली वाटतात, आणि त्यांची लाज राखण्यासाठी आपण आणखी घालत जातो. आपल्या सत्संगात कर्माच्या फळाबद्दल पुष्कळ बोलले जाते. केलेल्या कर्माला चिकटून राहण्याबद्दल त्या मानाने कमी बोलले जाते, असे मला वाटते. मामांनी त्या रात्री सगळी बिले बाजूला ठेवली आणि कागदावर फक्त राहिलेला खर्च लिहिला. तो परवडणारा होता, म्हणून काम पुढे गेले. परवडणारा नसता तर थांबणेही तितकेच बरोबर ठरले असते. ते कठीण गेले असते, एवढेच.

हिशेबाचाच विषय निघाला आहे म्हणून एक गंमत. १०,००० रुपयांच्या गाडीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरला, तर ३० वर्षांनी वहीत तिची किंमत साधारण ७६ रुपये उरते. पण या पद्धतीने ती शून्य कधीच होत नाही. लेखापालांनी हे काही प्रेमापोटी केलेले नाही, तरी मला ते आवडते.

कोणी विचारेल, पिस्टन नवा, रॉड नवा, बेअरिंग नवी, सील नवी. मग ही आजोबांची गाडी उरली कुठे? हा प्रश्न जुना आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो आणि शेवटी मान्य करतो, की या सर्व भागांना मिळून आपण रथ हे नाव देतो. आरटीओने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला आहे: इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळले की गाडी तीच. मामांना दोन्ही उत्तरे पुरेशी वाटली आणि ते या चर्चेत फार रमले नाहीत. त्यांचे लक्ष बेअरिंगमध्ये होते.

बेअरिंग बसवणे हा सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग. इंजिनाची पेटी ॲल्युमिनियमची आणि बेअरिंग पोलादाचे. हातोडीने ठोकले तर बेअरिंग खराब होते आणि पेटीलाही तडा जाऊ शकतो. पण तापवले की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून पेटी तापवायची, बेअरिंग थंड करायचे. मामींच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी दोन बेअरिंग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवली होती. सकाळी गरम पेटीत ती अक्षरशः स्वतःच्या वजनाने जाऊन बसली. मात्र उशीर केला की संपले. काही क्षणांत दोन्हींचे तापमान एक होते आणि मग हलवता येत नाही. जबरदस्ती नको म्हणजे आरामात करा, असा अर्थ नाही.

उलट, प्रेम जास्त झाले की काय होते तेही या इंजिनात दिसते. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्ये तेल ठरावीक प्रमाणात मिसळायचे असते. गाडीवर फार जीव असलेले लोक हमखास थोडे जास्त घालतात, इंजिनाला बरे म्हणून. त्याने प्लगवर काजळी धरते, सायलेन्सर कार्बनने चोंदतो आणि मागच्या माणसाच्या नाकातोंडात निळा धूर जातो. हेडचे नट 'आणखी एकदा' आवळणारेही असेच. ॲल्युमिनियममधले आटे निघून येतात.

धुराचा प्रश्न मी टाळू इच्छित नाही. टू-स्ट्रोक इंजिन नीट चालत असतानाही तेल जाळते. आपल्या आठवणीची किंमत दुसऱ्याच्या फुप्फुसांनी का द्यावी, हा प्रश्न रास्त आहे. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने वेगळे नियम केले. त्यात व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच आणता येते. मामांची येझदी अजून त्या वयाची नाही, तरी मला त्या नियमातला विचार पटतो. मामेबहिणीनेही रोज ऑफिसला जायचा बेत स्वतःहून आठवड्यातून एका दिवसावर आणला. उरलेले दिवस ती बसने जाते. मामांना ते थोडे लागले असावे, पण ते काही बोलले नाहीत.

नवे बांधलेले इंजिन पहिले काहीशे किलोमीटर जपून चालवावे लागते. रिंगा आणि सिलिंडर यांना एकमेकांची ओळख व्हावी लागते. वेग वाढवायचा नाही, चढावर ताण द्यायचा नाही, मध्ये मध्ये थांबून थंड होऊ द्यायचे. या काळात मामा स्वतः गाडी चालवतील असे मला वाटले होते. त्यांनी किल्ली मुलीला दिली. "इंजिन तुझ्या हाताला बसू दे," एवढेच म्हणाले. पहिले चार दिवस तिच्या मागून स्कूटरवर जाऊन, क्लच कधी आणि कसा दाबायचा ते मात्र पाठ करून घेतले.

दुसऱ्या महिन्यात पार्किंगमध्ये कोणीतरी टाकीला ओरखडा पाडला. आजोबांच्या काळचा मरून रंग, बोटभर लांब निघालेला. ती घाबरतच घरी आली. मामांनी ओरखड्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि पाना मागितला. प्लग काढून उजेडात धरला. फार पांढरा असता तर इंजिन तापत होते, काळा आणि ओला असता तर तेल जास्त होत होते. तो चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा होता. त्यांनी तो तिलाही दाखवला, पुसला, आणि हातानेच फिरवून परत बसवला.